गाठ बघून ओळखायचं

(दृश्य: नीरेचा काठ. खडकांवर पसरलेल्या वाकळा.)

घट बसायला चार दिवस उरलेत. भोरकडच्या गावांत या दिवसांत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण नदीवर येतं. भिजलेली वाकळ, म्हणजे जुन्या कपड्यांची गोधडी, एकटीला पिळता येत नाही. दोघींनी दोन टोकं धरायची आणि उलटसुलट पीळ द्यायचा. पाण्याची धार बघा.

(दृश्य: माळ्यावरून खाली येणारी गाठोडी.)

या घरातल्या आजींची खरी दसऱ्याची आवराआवर मात्र अजून न शिवलेल्या वाकळांची असते. आजी ७८ वर्षांच्या. गाठोडी उतरू लागली तशी आम्ही मोजायला घेतली. एकविसाव्याला नातू म्हणाला, "दिवाणाखालची राहिली की अजून."

आजी वाकळ शिवतात हे गावाला ठाऊक आहे. कुणाचं लुगडं विरलं, कुणाच्या घरचं म्हातारं माणूस गेलं, की धुतलेल्या कपड्यांची पिशवी यांच्या ओट्यावर येते. पूर्वी निम्मं बोहारीण न्यायची, त्याच्या बदल्यात पातेलं देऊन. आता ती फारशी फिरकत नाही. पिशवी ठेवून जाणारं कुणी आम्हाला कॅमेऱ्यात सापडलं नाही. पिशव्या तेवढ्या सापडल्या.

(दृश्य: जवळून. आजींचे हात, लुगड्याची घडी.)

हे सुती नऊवारी. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटर. लांबीत चार पदर केले की जेमतेम दोन मीटरची वाकळ आतून आयती तयार होते. लुगडं विरतं ते बसायच्या जागी. काठाकडचं वर्षानुवर्षं शाबूत राहतं. म्हणून विरलेलं आत भर म्हणून जातं आणि धड असलेलं वर. आजी कापड दोन्ही मुठीत धरून हिसका देतात. चर्र झालं की भरीला.

(दृश्य: काडेपेटी, जळता धागा.)

हल्लीच्या साड्यांवर आजींचा भरवसा नाही. कडेचा एक धागा उपसून त्या काडी लावतात. सुताची राख होते, कागद जळल्यासारखा वास येतो. हा दुसरा धागा बघा, आक्रसला आणि टोकाला काळा मणी झाला. "हे नको. घाम पीत नाही, आणि टाक्यातनं निसटतंय." एवढं बोलून साडी बाजूला पडली. दुकानातल्या झगझगीत रजईची जाहिरात करणाऱ्यांनी ही एवढी एक काडी लावून दाखवावी.

(दृश्य: गाठोड्यांच्या गाठी, एकेक.)

आजींना वाचता येत नाही, त्यामुळे चिठ्ठ्या नाहीत. आतल्या लुगड्याचा काठ फाडून त्याचीच दोरी करायची आणि तिनंच गाठोडं बांधायचं. हिरवा काठ म्हणजे आत हिरवं. दोन गाठी असतील तर भरीचं, एक असेल तर वरचं. पांढरी धोतराची पट्टी आणि तीन गाठी, असं एकच गाठोडं आहे. ते आजोबांचं. ते आजही उघडलं नाही.

बाकी सगळ्यांना ऊन दाखवलं, आत कडुलिंबाचा पाला घातला. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर वर्षाला दोनच वाकळा होतात. घरात झोपायला जागा कमी पडते. सूनबाईंना यावर कॅमेऱ्यासमोर बोलायचं नव्हतं. यंदा नऊ गाठोडी बचत गटाच्या बायकांना दिली. बाकीची पुन्हा माळ्यावर गेली.

(दृश्य: भिंतीवर गाडगेबाबांचा फोटो. खाली नातू सुया ओवतोय.)

चिंध्या जोडलेलं अंगावर घालणाऱ्या या बाबांना लोक गोधडे महाराज म्हणायचे. फोटोखाली बसून नातू सकाळी शाळेला जायच्या आधी दहा सुया ओवतो आणि जुन्या उशीला टोचून ठेवतो. दिवसभराची बेगमी. दोरा मेणातून ओढून घ्यायचा, कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चारी बाजूंनी आत आत जायचं. आखणी नाही, पट्टी नाही. तरी ओळी बघा.

(दृश्य: उशीवर उरलेल्या सुया. आवाज फक्त दोऱ्याचा.)

दुपारचे तीन वाजलेत. उशीवर चार सुया आहेत. नातू पाचला येतो.