वाटणी मागणारा माणूस

(वसईतील एका धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून)

बंधू-भगिनींनो, विषय 'श्रद्धा आणि पैसा' असा ठरला, तेव्हा दोघा-तिघांनी मला सुचवलं की बिल्डरांवर जरा कडक बोला. वसईत बिल्डरला शिव्या घातल्या की टाळ्या हमखास मिळतात. फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि हरित वसई संरक्षण समिती बिल्डरांविरुद्ध लढत होती, तेव्हा तसं बोलायला छाती लागत होती. आता लागत नाही. म्हणून आज बिल्डरला सोडून देऊ आणि आपल्याच ओटीवर बसू.

लूकच्या शुभवर्तमानात, बाराव्या अध्यायात, धनवान मूर्खाचा दाखला, म्हणजे बोधकथा, आहे. तो सगळ्यांना पाठ असतो. पण येशूने तो सांगितला कशावरून, हे फारसं कुणी सांगत नाही. हजारोंची गर्दी जमलेली आहे. येशू मरणाविषयी, देवाच्या भयाविषयी, पवित्र आत्म्याविषयी बोलतोय आणि मध्येच एक जण ओरडतो, 'गुरुजी, माझ्या भावाला सांगा, मला वतनाची वाटणी दे म्हणून!' म्हणजे एवढा वेळ हा माणूस ऐकत होता तो फक्त सातबारा! येशू त्याला विचारतो, मला तुमच्यावर वाटणी करणारा म्हणून कुणी नेमलं? मग गर्दीकडे वळून म्हणतो, लोभापासून सांभाळा. आणि मग तो दाखला.

त्या दाखल्यातल्या शेतकऱ्याने चोरी केलेली नाही. कुणाचं कुंपण सरकवलं नाही, मजुरी बुडवली असंही लिहिलेलं नाही. जमिनीने भरघोस पीक दिलं, एवढंच. आता तो बोलतो कुणाशी ते पाहा. माझं पीक, माझी कोठारं, माझा माल, आणि शेवटी 'हे जिवा, खा, पी, आनंद कर'. स्वतःच्या जिवाशीच गप्पा. बायको नाही, भाऊ नाही, एवढं पीक कापणारे गडी नाहीत. सगळ्या गोष्टीत त्याच्याशी बोलणारा एकच, देव, आणि तोही शेवटच्या रात्री: 'मूर्खा, आज रात्रीच तुझा जीव मागितला जाईल.'

आपल्याकडे हे कसं घडतं? बाप जातो, त्याच्यासाठी देवळात महिन्याची मिस्सा होते. कुणीतरी वाडीचा भाव काढतो. ज्या वाडीत पानवेल आणि केळीला पाणी पाजता पाजता बापाची कंबर वाकली, तिचा आता गुंठ्यावर हिशेब. मग नालासोपाऱ्याला किंवा विरारला दिलेल्या बहिणीला रविवारी जेवायला बोलावतात. मटणाचं जेवण होतं आणि ताटं उचलली की दादा कागद पुढे करतो. हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडल्याचा कागद. 'बाय, इथे सही कर, नुसती फॉर्मॅलिटी आहे. तुझ्या लग्नात केलंच की सगळं.' बहीण सही करते, कारण नाही म्हटलं तर माहेर तुटतं. भाऊ वाईट असतो का? मुळीच नाही. त्याला मुलाला कॅनडाला पाठवायचं असतं. आपला लोभ बहुतेक वेळा मुलांचं नाव लावूनच येतो, म्हणून तो कुमसारात, फादरपुढे पापं कबूल करताना, सांगायचं कुणाला सुचत नाही.

कायदा काय सांगतो, तेही ऐका. ख्रिस्ती माणसाने मृत्युपत्र केलं नसेल, तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे विधवेला एक तृतीयांश आणि उरलेलं सगळ्या मुलांना सारखं. मुलगा-मुलगी असा भेद त्यात नाही. केरळात मेरी रॉय यांना यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, १९८६ साली निकाल लागला. आपल्या बायकांना तो हक्क त्याच्या कितीतरी आधीपासून होता. तो काढून घ्यायला आपल्याला न्यायालय लागलं नाही, मटणाचं जेवण पुरलं.

महत्त्वाकांक्षेचंही असंच. जब्दीच्या मुलांना, म्हणजे याकोब आणि योहान या शिष्यांना, येशूच्या राज्यात त्याच्या उजवी-डावीकडची जागा हवी होती. मत्तय तर म्हणतो, मागायला आईच पुढे आली. बाकीचे दहा शिष्य चिडले. ते त्यागी होते म्हणून चिडले, असं मला तरी वाटत नाही. आपला नंबर हुकतोय म्हणून चिडले असावेत. देवळाच्या बाकांवर देणगीदारांची नावं असतात, तिथे आपलं नाव कितव्या रांगेत आहे हे पाहणारे इथेही असतील. असो, तो वेगळा विषय आहे.

मागे एका भाषणानंतर एकाने विचारलं होतं, 'मग काय, सगळं विकून गरिबांना वाटायचं?' येशूने ते त्या श्रीमंत तरुणाला सांगितलं, तो खिन्न होऊन निघून गेला. जक्कय या श्रीमंत जकातदाराला मात्र येशूने रकमेबद्दल चकार शब्द काढला नाही. 'आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे', एवढंच म्हणाला. आकडे जक्कयाने आपणहून काढले: अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायाने घेतलं असेल त्याला चौपट. दान वेगळं, परतफेड वेगळी. आपण पहिल्यावर थांबतो. देवळाच्या छपराला पैसे देतो, बहिणीचा विषय निघाला की 'ते जुनं झालं' म्हणतो.

जुनं होत नाही. झालेल्या हक्कसोडीनंतरही भावाला स्वतःच्या नावावरचं बहिणीला बक्षीसपत्राने देता येतं, नाहीतर विक्रीच्या पैशातला हिस्सा सरळ तिच्या खात्यात भरता येतो. कागद कसा करायचा ते वकिलाला विचारा. मुद्रांक शुल्क लागेल, घरात कटकट होईल, सूनबाई चार दिवस बोलणार नाही. खर्च आहेच. जक्कयाला तर चौपट आला होता.