माया सोडून शिवलेला धंदा

(महाराष्ट्र दिनाच्या मेळाव्यातील भाषण, थोडं संपादित करून)

नमस्कार मंडळी.

मघाशी दाराशीच तिघीजणींनी माझ्या हातात पिशव्या ठेवल्या. कुणाच्या आजीचं इरकल, कुणाच्या आईचं नऊवारी. त्या पिशव्या इथे मागे खुर्चीवर आहेत. त्यांचं काय करायचं ते शेवटी सांगते, कारण आत्ताच सांगितलं तर तिघीही रुसून चहाला निघून जाल.

मी इथे परदेशात आले ती मुलीच्या बाळंतपणाला. भाषणाचं निमंत्रण आयत्या वेळचं. विषय मिळाला, ‘घर सांभाळून उभा केलेला छोटा व्यवसाय’. नागपूरला सासूबाईंना फोनवर वाचून दाखवला. त्या चौऱ्याऐंशीच्या, जन्म नागपूरच्या महाल भागातला. म्हणाल्या, “तू कुठं घर सांभाळलं? घरानं तुले सांभाळलं, थे सांग.” तर तेच सांगते.

मी दुपटी शिवते. जुन्या सुती साडीची, हातानं, धावदोऱ्याची. साडी गिऱ्हाईकाची, कष्ट आमचे. एका पाचवारीतून विरलेला भाग सोडला की जेमतेम दोन दुपटी निघतात. रेशीम घेत नाही, जरतार तर मुळीच नाही, तान्ह्या बाळाला टोचते. एकदा एक बाई पैठणी घेऊन आल्या आणि मी नाही म्हटल्यावर म्हणाल्या, दुप्पट पैसे देते. आता दुप्पट पैशानं जरतार मऊ होते का?

सुरुवात २००५ ची. मुलगी आठ वर्षांची, मुलगा तीन वर्षांचा, यजमान रेल्वेत, ड्यूटी कधी दिवसाची कधी रात्रीची. शेजारणीच्या नातवासाठी एक दुपटं शिवलं, ते पाहून चौघींनी मागितलं. मी भाव लावला अडीचशे रुपये, आणि तो सांगतानाही मान खाली. सासूबाई पलंगावर बसून सगळं पाहत होत्या. पुढचं दुपटं मी हातात घेतलं तेव्हा त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला माझे तास लिहायला सुरुवात केली. सुई धरली की वेळ टाकायच्या, पोराला भरवायला उठले की खोडायच्या. शेवटी बेरीज आली अकरा तास. दोरा आणि अस्तर मिळून चाळीस रुपये. “म्हंजे तासाले एकोणीस रुपये,” त्या म्हणाल्या. “आपल्या भांडेवालीले विचार, एवढ्यात येते का?”

भाव दुसऱ्या दिवशी वाढला. चौघींपैकी दोघी गेल्या. त्या गेल्या म्हणून मला रात्रभर झोप नव्हती, आणि आता आठवलं की हसू येतं, कारण त्या राहिल्या असत्या तर सहा महिन्यांत मीच सुई टाकून दिली असती. तुमच्यापैकी ज्या केक करतात, मोदकांच्या ऑर्डरी घेतात, पोरांच्या वाढदिवसाला रांगोळ्या नि तोरणं करून देतात, त्यांनी एकदा तरी असे तास लिहून बघावेत. आपले आपण लिहू नयेत, आपण स्वतःला फसवतो. घरातल्या कुणाला तरी लिहायला लावा.

आता सासऱ्यांचं सांगते. ते एम्प्रेस मिलमध्ये होते. जमशेदजी टाटांनी १८७७ साली नागपुरात सुरू केलेली ती गिरणी. आमच्या घरातली सगळी पिढी तिच्या भोंग्यावर उठली, जेवली, झोपली. सासूबाई सांगतात, भाकरी भोंग्याआधी व्हायचीच, ताप असो की घरात पाहुणे. पुढे गिरणी बंद पडली, आज तिथे मॉल आहे. माझा धंदा सुरू झाला तेव्हा सासूबाईंची एकच अट होती: पुन्हा घरात भोंगा नको. काम घराच्या वेळेवर चालेल, घर कामाच्या वेळेवर नाही.

ऐकायला सोपं आहे. मी ती अट तेरा वर्षं पाळली आणि २०१८ मध्ये मोडली.

त्या जानेवारीत पुण्याच्या एका दुकानानं साठ दुपटी मागितली. नवं कापड त्यांचं, मुदत दोन महिने. महिन्याला नऊ हा माझा हिशोब ठरलेला होता. साठ म्हणजे साडेसहाशेहून जास्त तास. पण एकरकमी पैसे पाहिले आणि हो म्हटलं. मुलाची दहावी होती. डायनिंग टेबलावर कापड पसरलेलं, खुर्च्यांवर कापड, दिवाणावर कापड. एका रात्री पाणी प्यायला उठले तर पोट्टा स्वयंपाकघरात ओट्याशी उभा राहून विज्ञान वाचत होता. म्हटलं, इथे काहून? म्हणाला, “टेबल तुझं आहे ना आई.” तक्रार नव्हती आवाजात. तक्रार असती तर बरं झालं असतं.

साठातली सतरा उशिरा गेली, आणि बावीस परत आली. टाके सारखे नाहीत म्हणे. मी ती उलगडून पाहिली. दुकानदार खरं बोलत होता.

शिवणकामातला एक शब्द तुम्हाला आठवत असेल. पोलकं शिवताना शिंपी आत थोडं कापड जास्त सोडतो, पुढे अंग वाढलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. त्याला आपण माया म्हणतो. मराठीत पैशालाही माया आणि लेकरावरच्या जिवालाही मायाच. साठ दुपट्यांच्या वेळी मी काठोकाठ शिवलं होतं. दोन महिन्यांत घरात काही वाढणार नाही, कुणी आजारी पडणार नाही, कुणाला ताप येणार नाही असं धरून. परीक्षा तर तारखेसकट माहीत होती, तरी तिच्यापुरतीही माया सोडली नाही.

त्यानंतर नऊचे सात केले. पाच गिऱ्हाइकांचे, दोन रिकामे. ते दोन कधी कुणाच्या अचानक लवकर झालेल्या बाळंतपणाला जातात, कधी यजमानांच्या पाठदुखीला, आणि कधी कधी नुसते रिकामेच राहतात, त्या महिन्यात मी धापेवाड्याला विठोबाच्या दर्शनाला जाऊन येते. मिळकत कमी झाली का? झाली. भाव थोडा वाढवून अर्धी भरून काढली, अर्धी सोडली.

वर्षाचंही तसंच. नागपूरचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, नसेल तर नागपूरकराला विचारा, तो अभिमानानं सांगेल. पारा पंचेचाळीसला गेला की कूलरच्या ओल्या वाऱ्यात दोरा चिकटतो, घामाचे डाग कापडावर पडतात. शिवाय आमच्या विदर्भात शाळा बाकी महाराष्ट्राच्या मागाहून, जूनच्या शेवटी उघडतात. म्हणून पंधरा एप्रिल ते जूनअखेर माझं काम बंद. पहिल्या वर्षी वाटलं गिऱ्हाईक तुटेल. तुटलं नाही. उलट आता डोहाळजेवण ठरलं की बायका आधी मला फोन करतात, मग हॉलवाल्याला.

उरलेल्या चिंध्यांचं मात्र मी ठरवलं नव्हतं. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो, लहान पोरं लाकडी बैल सजवून घरोघरी नेतात. मुलाच्या बैलाला एकदा काठाच्या तुकड्याची झूल शिवून दिली. पुढच्या वर्षी गल्लीतली पोरं रांगेत. आता श्रावणात दुपटी थांबतात आणि झुली सुरू होतात. पैसा फार नाही, गंमत मोठी.

मदतीला दोघी आहेत, गोळीबार चौकातल्या, विणकरांच्या घरातल्या. हातमाग थांबले, पण कापडाची जाण बोटांत आहे. एकीनं मला शिकवलं की गडद काठ आधी मिठाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघायचा. त्याआधी एका लाल काठानं माझी तीन दुपटी गुलाबी केली होती, ती माझ्या घरात पोतेरं झाली.

कागदपत्रांबद्दल थोडंच. भारतात उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, ऑनलाइन होते आणि फुकट होते. त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. माझ्यासारखं काम, म्हणजे कापड दुसऱ्याचं नि शिलाई आपली, हे सेवेत धरतात, आणि महाराष्ट्रात वर्षाला वीस लाखांच्या आत असाल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मी अजून त्या आकड्याच्या पासंगालाही नाही. बँकेचं खातं वेगळं ठेवा, अगदी पहिल्या दिवसापासून. आणि इथल्या मुलींना एक सांगते: तुम्ही ज्या व्हिसावर आहात त्यावर कमवायची मुभा आहे का ते पहिला रुपया, म्हणजे पहिला डॉलर, घ्यायच्या आधी बघा.

आता पिशव्या. आज मे महिना आहे, माझं काम बंद आहे, आणि मुलीच्या घरी एक सव्वा महिन्याची बाई आहे जिच्या वेळापत्रकापुढे गिरणीचा भोंगा काहीच नाही. शिवाय परतीच्या बॅगेत मेथी-डिंकाच्या रिकाम्या डब्यांखेरीज जागा नाही. तेव्हा तिघींनीही पिशव्या परत घ्या. साड्या घरी एकदा धुवा, स्टार्च असेल तर काढा, कुणाची साडी आहे ते कागदावर लिहून पदराला टाचा आणि जुलैत टपालानं पाठवा. इरकलवाल्या ताई, तुमच्या साडीचा काठ मी मघाशी नख लावून पाहिला. तो रंग सोडणार. मीठ विसरू नका.