हातावरचे १४ मिलिमीटर

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका दवाखान्यात परिचारिका नऊ वर्षांच्या मुलीचा हात टेबलावर ठेवते, बॉलपेनाचे टोक त्वचेवरून हलकेच सरकवत नेते आणि ते अडते तिथे खूण करते. मग समोरच्या बाजूनेही तसेच. "आजी, लाली मोजायची नसते, टणकपणा मोजायचा असतो," असे ती सोबत आलेल्या आजींना समजावते. पट्टीवर अंतर भरते १४ मिलिमीटर. घरात आजोबांना क्षयरोग झाल्यामुळे दोन दिवसांपूर्वी या हातावर मांटू टेस्टची, म्हणजे क्षयाच्या जंतूची प्रथिने त्वचेत टोचून शरीराची प्रतिक्रिया पाहणाऱ्या चाचणीची, सुई टोचली होती.

हा टणकपणा दाटीने जमलेल्या पेशींचा आहे, आणि त्यांना कामाला लावणाऱ्या प्रथिनांत इंटरफेरॉन गॅमाचे स्थान फार वरचे आहे.

क्षयाचा जंतू फुफ्फुसात शिरला की तिथली भक्षक पेशी, म्हणजे मॅक्रोफेज, त्याला गिळते. परंतु गिळले म्हणजे मारले असे होत नाही. जंतू ज्या पिशवीत अडकतो तिला पाचक विकरांनी भरलेली दुसरी पिशवी येऊन मिळावी लागते, आणि जंतू नेमके तेच रोखून धरतो व गिळणाऱ्या पेशीतच वाढू लागतो. अशा वेळी जंतूचे अंश ओळखणारी टी पेशी, म्हणजे एक प्रकारची पांढरी रक्तपेशी, जवळ येऊन इंटरफेरॉन गॅमा सोडते. दोन सारख्या साखळ्यांचे हे प्रथिन मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरील ग्राहींना, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनांना, जोडले जाते. त्याबरोबर ग्राहींच्या आतल्या बाजूची जॅक नावाची विकरे जागी होतात, ती स्टॅट-१ या प्रथिनावर फॉस्फेट बसवतात, आणि स्टॅट-१ च्या जोड्या काही मिनिटांत केंद्रकात पोहोचून अनेक जनुके चालू करतात. मग पिशव्या एकमेकींना मिळतात, आम्लता वाढते आणि अडकलेल्या जंतूवर खरा मारा सुरू होतो.

मॅक्रोफेजला चेतवणारे प्रथिन हेच असल्याचे १९८३ मध्ये कार्ल नेथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले. त्याचे मोल मात्र १९९६ मध्ये नोंदवलेल्या एका तान्ह्या बाळामुळे मनाला भिडते. त्या बाळाच्या पेशींवर इंटरफेरॉन गॅमाचा ग्राहीच नव्हता, त्यामुळे क्षयावरच्या बीसीजी लशीतला दुबळा जंतूही, ज्याचा व्रण आपण दंडावर निश्चिंतपणे वागवतो, त्याच्या जिवावर उठला.

रामबागेतल्या या मुलीच्या टी पेशींनी जंतूची ओळख पटवली आहे. ती ओळख बीसीजीमुळेही झालेली असू शकते, आणि मॅक्रोफेजनी जंतूला आवरले की नाही, हे या १४ मिलिमीटरवरून कळत नाही. म्हणून परिचारिका आकडा कागदावर लिहिते आणि आजींच्या हाती छातीच्या एक्स-रेची चिठ्ठी देते.