मदत हवी, कागदांसकट

(वर्धा जिल्ह्यातल्या एका गावी, सार्वजनिक वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, कोपऱ्यातला तो राउटर आम्ही भंगारात घालणार होतो. वस्तू धडधाकट होती, पण कंपनीनं अपडेट देणं थांबवलं होतं. आमच्या पोरांनी त्यात ओपनडब्ल्यूआरटी हे मुक्त फर्मवेअर टाकलं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या पोटातच बसवलेला प्रोग्राम. आज तुमचे पीकविम्याचे अर्ज त्याच राउटरवरून जातात.

हे फर्मवेअर कुणा कंपनीच्या उदारपणातून आलेलं नाही. लिंकसिस या कंपनीनं २००२ च्या अखेरीस डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर काढला. त्यात लिनक्स ही मुक्त ऑपरेटिंग सिस्टिम होती, आणि लिनक्सचा जीपीएल परवाना सांगतो की वस्तू विकाल तर त्यातल्या लिनक्सचा सोर्स कोडही, म्हणजे प्रोग्रामची माणसाला वाचता येईल अशी मूळ प्रतही, द्यावी लागेल. जाणकारांनी ते हेरलं, लावून धरलं, आणि २००३ मध्ये कोड बाहेर आला. त्याच पायावर २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभं राहिलं.

आता कंपन्या प्रकल्पासोबत काम करू लागल्या आहेत. २०२४ मध्ये बनाना पाय या कंपनीनं या प्रकल्पासाठी ओपनडब्ल्यूआरटी वन हा राउटर बनवला. दर नगामागे १० डॉलर प्रकल्पाच्या निधीत जातात. मला त्याहून मोलाची वाटते ती त्यातली दुसरी फ्लॅश चिप, म्हणजे फर्मवेअर साठवून ठेवणारी चिप. फर्मवेअर भरताना मध्येच लाइन गेली की साधा राउटर विटेसारखा निकामी होऊन बसतो, हे तुम्हाला मी काय सांगावं! इथे एक स्विच सरकवला की यंत्र दुसऱ्या चिपवरून उठतं. अशी मदत तीच कंपनी करते, जी वापरणाऱ्यांशी बसून बोललेली असते. वाय-फायच्या चिपमधला प्रोग्राम मात्र याही राउटरमध्ये बंदच आहे.

गेल्या महिन्यात एका कंपनीनं आमच्या गटाला विचारलं, "वीस राउटर पाठवू का?" पोरं हरखली. मी म्हटलं, आधी चिपचे कागद मागा, म्हणजे चिप कशी चालते ते सांगणारी माहिती. आणि ते गुप्ततेच्या करारावर सही न करता मिळायला हवेत. सही केली तर पोरगा जे शिकेल ते उघड्या कोडमध्ये लिहिताना त्याचा हात अडेल. मग शिकून उपयोग काय?

आपल्याकडे सावड असते. शेजारी बैलजोडी घेऊन आपल्या वावरात येतो, आपण त्याच्या वावरात जातो. पण म्हणून कुणी सातबाऱ्यावर आपलं नाव चढवायला सांगत नाही. कंपनीशी नातं असंच हवं. त्यांच्या इंजिनिअरनं केलेली दुरुस्ती मूळ प्रकल्पात पाठवावी, म्हणजे ती सगळ्यांच्या कामी येईल. स्वतःची वेगळी आवृत्ती ठेवली तर ती वर्ष-दोन वर्षांत शिळी होते, आणि पुन्हा आपलाच राउटर भंगारात.

आम्ही कळवलं: राउटर दोनच पाठवा, उघडून मोडून पाहायला. वीसांच्या पैशात तुमच्या एका इंजिनिअरला आठवड्यातले काही तास आमच्या पोरांचा कोड तपासायला द्या.

दोन राउटर आले आहेत, त्या टेबलावर ठेवलेत. कागद अजून यायचे आहेत. काल पोरांनी पुन्हा ईमेल केला आहे.