पेस्टचा ठसा

मंडळी, माझी सगळी नोकरी नाशिकच्या सातपूरला, टूल रूममध्ये झाली. तीस वर्षं लोखंडावर लोखंड बसवलं. तिथे ब्लू मॅचिंग नावाचं एक काम असतं. एका पृष्ठभागाला निळा रंग अगदी पातळ चोळायचा, दुसरा त्यावर टेकवायचा, उचलायचा आणि रंग कुठे उमटला ते बघायचं. जिथे उमटला तिथे टेकलं, जिथे कोरं राहिलं तिथे पोकळी. नवीन पोराला हे पहिल्या महिन्यात शिकवतात. पुढची गोष्ट ऐकल्यावर तुम्ही म्हणाल, या माणसाने तीस वर्षं केलं काय, म्हणून आधीच सांगून टाकलं.

आमच्या मुलाने डिसेंबरमध्ये घरीच कॉम्प्युटर जोडला. प्रोसेसर म्हणजे त्याचा मेंदू, मदरबोर्ड म्हणजे सगळे भाग जोडायची पाटी, कॅबिनेट म्हणजे बाहेरची पेटी, सगळं सुटं आणलं आणि जेवणाच्या टेबलावर मांडलं. जोडायला मीही बसलो होतो, स्क्रू-ड्रायव्हर माझाच होता. तीन महिने मशीन झकास चाललं. एप्रिल लागला आणि कुरकुर सुरू झाली. पंखा असा ओरडायचा की शेजारच्या काकूंनी विचारलं, अजून मिक्सर चालूच आहे का. वीस मिनिटांत होणारा व्हिडिओ चाळीस मिनिटं घ्यायला लागला. तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडलं तर आकडा १००.

१०० अंशाला प्रोसेसर जळत का नाही? कारण तो स्वतःच हात आखडता घेतो, वेग कमी करतो. आमचा प्रोसेसर इंटेलचा आय-५ १२४०० आहे, त्याची मर्यादा १०० अंश. त्यापुढे जायची वेळ आली की तो मंदावतो आणि तरीही भागलं नाही तर मशीनच बंद पडतं. म्हणून ‘चालतंय ना’ ही खूण धरून चालत नाही. ते चालतं, पण लंगडत.

खोक्यावर लिहिलेलं असतं ६५ वॉट. तो साध्या चालीचा आकडा. जोर लावला की हाच प्रोसेसर ११७ वॉटपर्यंत जाऊ शकतो. जुन्या साठच्या बल्बला कधी हात लागला असेल तर आठवा. तसे जवळपास दोन बल्ब, आणि ती सगळी उष्णता येते नखाएवढ्या सिलिकॉनच्या तुकड्यातून. तिथून ती वरच्या धातूच्या झाकणात, मग पेस्टमधून, म्हणजे मधल्या फटी भरणाऱ्या लेपातून, वर बसवलेल्या कूलरच्या बुडात, तिथून त्याच्या धातूच्या पात्यांत आणि पंख्याच्या वाऱ्याबरोबर बाहेर. या वाटेत एक जरी सांधा कच्चा राहिला तर उष्णता तिथेच तुंबते.

आता मला तेव्हा न सुचलेलं गणित. कूलर उष्णता नाहीशी करत नाही, खोलीतल्या हवेत सोडतो. त्यामुळे प्रोसेसर नेहमी खोलीपेक्षा अमुक अंशांनी गरम असतो, आणि काम तेच असेल तर तो फरक साधारण तेवढाच राहतो. आमच्या मशीनमध्ये तो होता जवळजवळ ७० अंश. खोली २० अंशांवर असताना ९०, कोणाला पत्ताच नाही. एप्रिलच्या दुपारी खोली ३६ वर गेली की बेरीज १०६ होते. बिघाड पहिल्या दिवसापासून होता, नाशिकच्या थंडीने तो झाकून ठेवला होता. आम्ही मात्र दोष दिला उन्हाळ्याला.

मग मी मोठ्या माणसासारखा वागलो. कॅबिनेटला तीन जादा पंखे आणले. फरक पडला दोन-तीन अंशांचा. मग कूलर काढला, जुनी पेस्ट खसाखसा पुसली, नवी लावली, परत बसवलं. पुन्हा १००. पेस्टवर उमटलेला ठसा न बघता पुसला कोणी? ब्लू मॅचिंगवाल्याने!

शेवटी मुलानेच सांगितलं, “बाबा, आकडा चढत नाहीये, उडी मारतोय. काम सुरू केल्याबरोबर ४५ वरून थेट ९८.” इथे माझी ट्यूब पेटली. कॅबिनेटमधली हवा कोंडत असेल तर तापमान हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत वर सरकतं, कारण आधी कूलर तापतो, मग आतली हवा. पण सेकंदात उडी म्हणजे उष्णता कूलरपर्यंत पोचतच नाहीये. सांधा सुटलाय. पंखे वाढवून तिथे काय होणार? चूल पेटलेली आणि पातेलं शेजारच्या कट्ट्यावर, अशी ती गत.

दुसऱ्यांदा कूलर उचलला तेव्हा पुसायच्या आधी उजेडात धरला. एका बाजूला पेस्ट इतकी दाबली गेलेली की खालचा धातू दिसत होता. समोरच्या कोपऱ्यात मात्र ती वाटीतल्या श्रीखंडासारखी जाड, कशाचाही स्पर्श न झालेली. मधे अर्धचंद्र. कूलर तिरका बसला होता.

कूलर पहिल्यासारखाच परत बसवला आणि मदरबोर्ड उलटा करून मागून बघितलं. या कूलरला प्लॅस्टिकच्या चार पिना असतात. नीट बसलेली पिन मागच्या बाजूने उमललेली दिसते, पाकळ्या फाकलेल्या आणि मधोमध काळी कांडी. तीन उमललेल्या होत्या, चौथी कळीच. वरच्या टोपणावर बाण असतो. तो दाखवतो सोडवायची दिशा, आणि आम्ही तीच बसवायची समजून एक टोपण बाणाच्या दिशेने फिरवून ठेवलं होतं. बसवताना चारही टोपणं बाणाच्या उलट हवीत, आणि दाबायची तिरप्या समोरासमोरची जोडी, एका कडेने ओळीने नाही. प्रत्येकीचा टक आवाज ऐकू आला पाहिजे.

पेस्टबद्दल दोन शब्द. ती गोंद नाही आणि तांब्याला पर्यायही नाही. आपल्या भांडी बाजारातलं कितीही चकचकीत घासलेलं तांबं घ्या, त्यात बारीक दऱ्या असतातच आणि दरीत हवा बसते. हवा उष्णतेला किती वाट देते? ०.०२६, वॉट प्रति मीटर प्रति अंश. चांगली पेस्ट पाचाच्या आसपास, तांबं ४०० च्या आसपास. म्हणजे पेस्ट हवेपेक्षा खूप बरी आणि तांब्यापुढे अगदीच गरीब. दऱ्या भरण्यापुरती हवी, थापायची नाही. मधोमध वाटाण्याएवढा थेंब, बाकी दाब करतो. एका ओळखीच्याने टूथपेस्ट लावली होती. चालली म्हणे. वाळेपर्यंत.

जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि धागे न सोडणाऱ्या कापडाने पुसावी. ज्यांचा प्रोसेसर एएमडी कंपनीचा आणि एएम४ सॉकेटमध्ये, म्हणजे मदरबोर्डवरच्या त्या प्रकारच्या खाचेत, बसणारा आहे, त्यांनी मशीन थोडं चालवून, बंद करून, कूलर हलकेच डावी-उजवीकडे वळवून काढावा. सरळ उपटला तर चिकटलेला प्रोसेसर त्याच्या खालच्या बारीक पिनांसकट वर येऊ शकतो. आणि धूळ उडवताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, हवेच्या झोताने गरगर फिरू देऊ नका.

चौथी पिन बसली. खोली ३६ वरच होती, काम तेच. आकडा ७६ ला थांबला आणि मिक्सर बंद झाला. पेस्टची नळी आणि पिनेचा टक, एवढ्यात काम झालं होतं.

ते तीन पंखे अजून कपाटावर पडून आहेत, खोक्यासकट. कोणाला हवे असतील तर चहाच्या वेळी भेटा.