रीस्टार्ट मारण्याआधी

मंडळी, मला येणारे निम्मे फोन एकाच वाक्याने सुरू होतात: "दादा, नेट गेलंय, लवकर या." फोन सातपूरचा आणि मी नाशिकरोडला. मी पोचेपर्यंत तिकडे कोणीतरी राउटर बंद-चालू केलेला असतो, दोन वायरी उपसून पुन्हा खोचलेल्या असतात, आणि मूळ बिघाडाचा मागच पुसला गेलेला असतो. म्हणून माझं एवढंच म्हणणं आहे, हात लावण्याआधी पाच मिनिटं मशीनची विचारपूस करा.

विंडोजच्या स्टार्ट मेनूत 'सीएमडी' (cmd) टाइप केलं की काळी खिडकी उघडते. तिथे आयपीकॉन्फिग (ipconfig) लिहून एंटर मारा, मशीनचा नेटवर्कवरचा आकडी पत्ता दिसेल. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर मशीनने राउटरची वाट बघून शेवटी स्वतःच स्वतःला पत्ता देऊन टाकलाय. अशा वेळी ब्रॉडबँडवाल्याला शिव्या घालू नका. वायर, स्विच (सगळ्या मशीनच्या वायरी जिथे जोडल्या जातात तो डबा), राउटर बघा. पत्ता नीट असेल तर पिंग करा, म्हणजे त्याच खिडकीत ping लिहून पुढे ज्याला हाक मारायची त्याचा पत्ता लिहा. माइक म्यूस यांनी १९८३ साली लिहिलेला हा छोटा प्रोग्रॅम. नाव पाणबुडीच्या सोनारवरून पडलं. आवाज सोडायचा, पडसाद ऐकायचा. आधी राउटरला हाक मारा. त्याचा पत्ता त्याच खिडकीत 'डिफॉल्ट गेटवे' म्हणून दिसतो. मग ८.८.८.८ ला (हा बाहेरच्या इंटरनेटवरचा गूगलचा सर्व्हर), मग एखाद्या वेबसाइटच्या नावाला. राउटर ओ देतो पण ८.८.८.८ देत नाही? मग बिघाड बहुधा बाहेर आहे, आता खुशाल फोन करा. आकडा ओ देतो, पण नावाचा पत्ताच लागत नाही? तो डीएनएसचा, म्हणजे नावावरून आकडी पत्ता शोधून देणाऱ्या यंत्रणेचा घोळ.

हे सगळं मला आधीपासून येत होतं असं समजू नका. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये दिवाळीच्या साफसफाईनंतर सगळं नेटवर्क ठप्प झालं. पिंग कधी लागे, कधी नाही. राउटर बदलून पाहिला, दोन तास घालवले. स्विचचे सगळे दिवे एका तालात फडफडत होते, तिकडे माझं लक्षच नव्हतं! झाडताना वायरीचं एक लोंबतं टोक दिसलं, म्हणून पोराने ते रिकाम्या पोर्टमध्ये नीटनेटकं बसवलं होतं. दुसरं टोक आधीपासून त्याच स्विचमध्ये. साध्या स्विचला हा लूप ओळखता येत नाही. सगळ्यांसाठी सोडलेला निरोप आत गोल गोल फिरत राहतो आणि बाकीच्यांना वाटच उरत नाही. एकेक वायर काढत गेलो तेव्हा सापडलं. तेव्हापासून प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी नंबराची चिकटपट्टी लावतो.

लाइट जाऊन आली की प्रिंटर 'गायब' होतो, कारण त्याला नवा पत्ता मिळालेला असतो. राउटरमध्ये त्याचा पत्ता कायमचा राखून ठेवा, विषय संपला. आणि एकाच मशीनवर जीएसटीची, बँकेची साइट उघडत नसेल, तर आधी कोपऱ्यातली तारीख बघा. मदरबोर्डवरचा सीआर२०३२ नावाचा बटणसेल संपला की घड्याळ काही वर्षं मागे जातं, आणि मग साइटचं सर्टिफिकेट ब्राउझरला खोटं वाटतं. लोक यासाठी विंडोज नव्याने टाकतात हो!

बॅकअपबद्दल थोडंच बोलतो, कारण ऐकतात सगळे आणि करत कोणी नाही. टॅलीचा बॅकअप त्याच मशीनला कायम खोचलेल्या पेनड्राइव्हवर असेल, तर तो बॅकअप नाही. खंडणीवाला व्हायरस तोही कुलूपबंद करतो. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय नावाचा असाच व्हायरस जगभर पसरला. त्याला अडवणारा विंडोजचा अपडेट मार्चमध्येच आलेला होता.

राहिली वही. राउटरशेजारी दोऱ्याने बांधलेली साधी वही: तारीख, काय दिसलं, काय बदललं. पासवर्ड मात्र तिच्यात लिहू नका. परवा त्याच अंबडच्या वर्कशॉपमध्ये गेलो, वही चाळली. साफसफाईवाल्या त्याच पोराच्या अक्षरात ओळ होती: "११.२०. १६९.२५४ आलं. वायर नं. ७ सैल. बसवली." त्या दिवशी मला फोन आलाच नव्हता, माझी एक व्हिजिट बुडाली.