चुंगडीच्या धाग्याचा हिशेब

(हिंगणघाट तालुक्यातल्या एका गावच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन)

अध्यक्ष महाराज, मंचावरची वडीलधारी मंडळी आणि दिवसभर राबून इथे येऊन बसलेले माझे भाऊ-बहिणी,

पत्रिकेवर विषय छापलाय, 'कारखानदार आणि पुरवठादार मिळून खर्च आणि नासाडी कशी कमी करतील'. विषय मोठा आहे. मी तो कापसावरूनच सांगणार, कारण माझी हयात जिनात, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या रेच्यांच्या आवाजात गेली आणि इथे बसलेल्या निम्म्या घरांचा कापूस माझ्यासमोर काट्यावर चढला आहे. आमच्या धंद्यात पुरवठादार म्हणजे तुम्ही कास्तकार. जिनवाला तुमचं गिऱ्हाईक. तोच जिनवाला सूतगिरणीच्या फाटकात उभा राहिला की पुरवठादार होतो आणि तुमच्यासारखाच हात जोडून भाव मागतो. माझं म्हणणं एवढंच की, एकाच्या दारातून दुसऱ्याच्या दारात माल जाताना जो पैसा सांडतो त्याचा हिशेब कोणाच्याच वहीत नसतो, आणि आपल्या भागातली सर्वात मोठी गळती तिथेच आहे. कापसातला धागा, ओलावा आणि पऱ्हाटी (कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं), या तीन गोष्टींवरून मी ते दाखवणार आहे.

आधी धागा. मला सांगा, ज्याच्या घरी युरियाची रिकामी चुंगडी नाही असा कोणी इथे असेल तर हात वर करा. एकही नाही! (हशा) असायलाच पाहिजे, चुंगडी कामाची वस्तू आहे. सरपण भरा, ढेप भरा, पावसात डोक्यावर घ्या. घोटाळा तिच्यात कापूस भरला की सुरू होतो. ती चुंगडी विणलेली असते प्लास्टिकच्या पट्ट्यांची. धुऱ्यावर, आंगणात महिनोन्महिने उन्हात पडली की ती फुसकी होते आणि तिचे तंतू सुटायला लागतात. आपण तीच चुंगडी वेचणीला नेतो, तोंड सुतळीनं आवळतो, जिनात आणून ओततो. तोंड उघडताना विळ्यानं कापलं की आणखी दहा तंतू गंजीत पडले. पांढऱ्या कापसात पांढरा तंतू. तुमच्या डोळ्याला दिसत नाही, माझ्याही दिसत नव्हता.

तो दिसतो कुठे, ते मी कोइम्बतूरकडच्या एका सूतगिरणीत पाहिलं. आमच्याच गठाणी, म्हणजे सरकी काढलेल्या रुईचे दाबून बांधलेले गठ्ठे, तिथे फुटत होत्या. लांबलचक टेबलं, वर ट्यूबलाइटांची रांग, दोन्ही बाजूंना बाया बसलेल्या. मूठ-मूठ रुई उलगडायची, त्यातलं नको ते काढायचं आणि शेजारच्या डब्यात टाकायचं, दिवसभर हेच काम. मॅनेजरनं एक डबा माझ्यापुढे उपडा केला. त्यात चुंगडीचे तंतू तर होतेच. सुतळीचे तुकडे, कोंबडीची पिसं, बायांचे केस, गुटख्याच्या पुड्या आणि एक लाल रिबिनही होती. कोणाच्या तरी लेकीच्या वेणीतली रिबिन, वर्धा जिल्ह्यातल्या वावरातून हजारावर किलोमीटर लांब येऊन पडलेली. मॅनेजर म्हणाला, हे जे हाताला लागलं त्याची आम्हाला चिंता नाही, जे लागलं नाही त्याची आहे.

जे हाताला लागत नाही त्याचं पुढे काय होतं ते नीट ऐका, कारण आपल्या भावातली काट तिथून सुरू होते. एक गठाण म्हणजे 170 किलो रुई. तिला साधारण पाच क्विंटल कापूस लागतो, बाकीची सरकी निघते. त्या गठाणीत बोटभर लांबीचा एक प्लास्टिकचा तंतू गेला तर गिरणीतलं पिंजायचं यंत्र त्याचा चुरा करतं. एकाचे शेकडो बारीक तंतू होतात आणि सुताच्या कोणत्या रिळात गेले ते देवालाही ठाऊक नसतं. सुताचं कापड होतं, कापड रंगाला जातं. कापूस रंग पितो, प्लास्टिक पीत नाही. मी ते कापड हातात धरून पाहिलं आहे. गडद निळ्या अंगावर केसाएवढी पांढरी रेघ, नखानं खरवडली तरी जात नव्हती. तो अख्खा तागा दुय्यम दर्जात गेला.

त्या ताग्यावर आतापर्यंत वीज लागली, पाणी लागलं, रंग लागला. तिकडे रंगाईच्या पाण्याचा प्रश्न किती पेटला होता ते आठवा. 2011 साली मद्रास उच्च न्यायालयानं नोय्यल नदीच्या प्रदूषणापायी तिरुपूरची रंगाईची युनिटं बंद करायला लावली होती. म्हणजे तिकडची नदी जे घाण पाणी सोसते, त्यातलं काही पाणी अशा कापडासाठी वापरलं जातं जे आपल्या चुंगडीमुळे बाद होणार असतं. नासाडी म्हणतात ती ही. ज्यानं केली त्याला दिसत नाही आणि ज्याला दिसते त्याला ती कोणाच्या वावरातून आली हे कळत नाही.

मग गिरणी काय करते? माणसं लावते, कॅमेऱ्यानं तंतू हेरून हवेच्या झोतानं उडवणारी महागडी यंत्रं लावते, आणि तो सगळा खर्च रुईच्या भावातून कापते. जिनवाला तीच काट कापसाच्या भावात घालतो. ग्रेडर गंजीत हात घालतो, नाक मुरडतो आणि आकडा सांगतो. त्या आकड्यात धाग्याची काट असते, पण तुमच्या पावतीवर 'धागा' हा शब्द कधी वाचलात का? निर्मळ कापूस आणणाऱ्याला आणि चुंगडीत कोंबून आणणाऱ्याला, दोघांनाही तोच भाव. मला याच गोष्टीचा राग आहे, आणि तो जाहीरपणे सांगायला मी आज आलो आहे. एका कास्तकारानं मला विचारलं होतं, "साहेब, चांगला कापूस आनला त मले काय जास्त देता?" या प्रश्नाला आमच्या धंद्याकडे उत्तर नव्हतं, आजही बहुतेक ठिकाणी नाही.

यंत्रं सुधारली, हे खरं. 2000 साली केंद्र सरकारनं कापसाचं तंत्रज्ञान मिशन आणलं. जिनात सिमेंटचे ओटे झाले, कन्व्हेअर आले, कचरा झाडणारी यंत्रं आली. पूर्वी कापूस मातीत पडायचा, बाया डोक्यावर टोपल्या घेऊन रेच्यांवर चढायच्या. ते गेलं, फार चांगलं झालं. पण जिनाच्या फाटकाबाहेर, तुमच्या वावरात, वेचणाऱ्या बाईच्या हातात काय दिलं?

त्या बाईचं थोडं सांगतो. वेचणीची मजुरी किलोवर असते. आमच्या जिनानं कास्तकारांना समजवायला सभा घेतली होती. भाषणं झाली, सगळ्यांनी माना डोलावल्या, आणि मागे बसलेली एक म्हातारी उठून म्हणाली, "किलोवर पैसे भेटते. पत्ती अन् धागा निवडत बसली त माहं पोट कोन भरन?" सभेतलं सर्वात खरं वाक्य तिचं होतं. पत्तीला वजन असतं, कवडीला, म्हणजे किडक्या-पिवळ्या कापसाला, वजन असतं. निर्मळ वेचायचं तर हात हळू चालतो आणि दिवसाची मजुरी घटते. गिरणीला हवा असलेला निर्मळपणा आपण त्या बाईकडून फुकट मागत होतो.

म्हणून आम्ही एक हंगाम वेगळ्या रीतीनं केला. गठाणीला सुती कापडाचं वेष्टन असतं. गिरणीत गठाण फुटली की ते कापड निघतं आणि भंगारात जातं. आम्ही गिरणीला म्हटलं, ते आम्हाला परत द्या. परतीच्या ट्रकमध्ये गठ्ठे टाका, भाड्याचं आम्ही पाहू. ते कापड गावातल्या बचत गटाच्या बायांनी धुतलं आणि त्याच्या ओट्या आणि झोळ्या शिवल्या. वेचणीला चुंगडी नाही, ही झोळी. सुतळी नाही, सुती नाडी. झोळीतून आलेल्या कापसाची गंजी वेगळी, गठाण वेगळी आणि गठाणीवर खूण. गिरणीनं त्या खुणेच्या गठाणीला खंडीमागे (रुईचा भाव ठरतो ते वजनाचं माप) जास्त द्यायचं, जिनानं त्यातला वाटा कास्तकाराच्या पावतीवर वेगळ्या ओळीत लिहून द्यायचा आणि कास्तकारानं वेचणारीला किलोमागे वाढवून द्यायचं, असं ठरलं. पैसा शेवटच्या हातापर्यंत पोचला आणि काम झालं. त्या गठाणींसाठी टेबलावर बसणाऱ्या बाया गिरणीनं दुसऱ्या कामाला लावल्या, यापेक्षा मोठी पावती मला नको होती.

पुढच्या वर्षी गिरणीचा खरेदीचा माणूस बदलला. जुनी कापडं परत पाठवण्याचा उपद्व्याप कशाला, म्हणून त्यानं ते बंद केलं. त्याच्या वहीत कापडाचं भाडं दिसत होतं. वाचलेली मजुरी दुसऱ्या खात्यात होती, ती त्याला दिसत नव्हती. दोघांनी मिळून वाचवलेला पैसा असा मधल्यामध्ये पोरका होतो.

एक आठवलं म्हणून सांगतो. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, तेव्हा मुंबई सोडून इकडे येण्याबद्दल लोकांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. त्यांचा हिशेब सरळ होता, कापूस पिकतो तिथे गिरणी. मुर्तिजापूर-यवतमाळची आपली शकुंतला गाडीसुद्धा कापसासाठीच टाकलेली. गिरणी जवळ असली की तक्रार त्याच दिवशी जिनात पोचते. आता अंतर वाढलं, तर ही खुणेची गठाण तेच काम करते. सरकारनं 2020 मध्ये कस्तुरी कॉटनचा जो ब्रँड आणला, त्यातही गठाणीचा माग ठेवायचीच कल्पना आहे. मागाचा फायदा वावरापर्यंत आला पाहिजे, एवढंच माझं मागणं.

अध्यक्षांची चिठ्ठी आली. दहा मिनिटं उरलीत आणि पलीकडच्या गावांच्या लोकांची शेवटची एसटी चुकता कामा नये. राहिलेल्या दोन गोष्टी पळतच सांगतो.

ओलावा. सरकारी खरेदीत 8 टक्के ओलाव्याला पूर्ण हमीभाव आणि 12 टक्क्यांपर्यंत कपात करून खरेदी, हे तुम्हाला माहीत आहे. पण मीटर कोणाच्या हातात असतो? व्यापाऱ्याच्या. म्हणून भांडण. ओला कापूस रेच्यात गुंडाळतो, सरकी फुटते, वीज जास्त खाते, गठाणीत रुई पिवळी पडते. म्हणजे नुकसान जिनवाल्याचंही आहे. आणि कास्तकारावर ओरडणारे काही जिनवाले दाबण्याआधी रुईवर स्वतः पाणी मारतात, तेही बंद झालं पाहिजे. जिनानं गावात एक मीटर ठेवावा, कापूस घरून निघण्याआधी मोजावा. दोन दिवस वाळवला तर वाहतूक पाण्याची होणार नाही, कापसाची होईल. आणंदच्या दूधवाल्यांनी हेच केलं. 1946 पासून त्यांची चळवळ उभी राहिली ती दुधाचं माप उत्पादकाच्या डोळ्यांसमोर घेऊन आणि फॅटवर पैसे देऊन.

आता पऱ्हाटी. आपण ती धुऱ्यावर पेटवतो. तिकडे सरकीच्या तेलगिरणीचा बॉयलर विकतचं जळण खातो. नागपूरला कापूस तंत्रज्ञानाच्या संशोधन संस्थेनं पऱ्हाटीच्या विटांवर, पेलेटवर, बोर्डावर काम केलं आहे. अडचण यंत्राची नाही, गोळा करून नेण्याची आहे. कापूस पोचवून रिकाम्या परतणाऱ्या गाड्यांचा विचार तेलगिरणी आणि कास्तकार यांनी एकत्र बसून करायला हवा. यात बोंडअळीचाही भाग आहे. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीवरच्या बोंडात आणि सरकीत दडून राहते. फरदड, म्हणजे हंगाम संपल्यावर त्याच झाडांवर आणखी पीक, घेऊ नका असं तुम्हाला सांगतात, बरोबरच सांगतात. पण जिनाच्या आवारातल्या सरकीतून जे पतंग उडतात ते तुमच्याच वावरात येतात. म्हणून जिनात कामगंध सापळे (मादीच्या वासानं नर पतंग पकडणारे) लावणं आणि सरकीचे ढीग पडू न देणं ही जिनवाल्याची तुमच्याप्रती जबाबदारी आहे. 2017 ला अळीनं आपल्याकडे काय केलं ते कोणी विसरलेलं नाही. सहकार्य म्हटलं की पुरवठादारानंच सुधारायचं असा जो समज आहे, तो मला मान्य नाही.

मोठ्या कारखान्यांतही हे चालतं. डेन्मार्कमध्ये कलुंडबोर्ग नावाचं गाव आहे. तिथे 1972 साली तेलशुद्धीकरणाचा जाळून टाकला जाणारा वायू शेजारच्या बोर्डाच्या कारखान्यानं नळानं घेतला. पुढे वीजकेंद्राची वाफ औषधाच्या कारखान्याला आणि धुरातून काढलेलं जिप्सम त्याच बोर्डवाल्याला जाऊ लागलं. शेजाऱ्यांनी आपापला कचरा एकमेकांना सांगितला, म्हणून हे जमलं. आपल्या चंद्रपूरकडे वीजकेंद्र आणि सिमेंटचे कारखाने शेजारीच आहेत, राख सिमेंटमध्ये जाते, ती वाट आपल्याला अनोळखी नाही.

समोर दोन जिनमालक बसलेले दिसतात, म्हणून त्यांनाच सांगतो. निर्मळ कापसाला किलोमागे किती जास्त देणार, तो आकडा दसऱ्याच्या आत फाटकावर पाटी लावून जाहीर करा. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीआधीची वावरातली पूजा, होऊन वेचणी सुरू झाल्यावर सांगितलेला भाव काही कामाचा नाही. बाईच्या कमरेला तोवर चुंगडी बांधलेली असते. बचत गटाच्या ताईंनी शिवलेली झोळी नमुन्याला आणली आहे, मंचाच्या डाव्या बाजूच्या टेबलावर ठेवली आहे. जाताना हातात घेऊन पाहा, नाडी कुठे हवी, खोली किती हवी ते त्यांना सांगा. माप आजच ठरलं तर पोळ्यापर्यंत शिवून होतील.